तिसऱ्या अंकातला उजेड

सोमवारी सकाळी नऊ वाजता आंबेबोडीच्या मारुतीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. धान कापायचे दिवस. शेतातल्या बांध्यांत विळे पडून होते, कापलेलं धान दवात भिजत होतं, आणि माणसं इथं एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून उभी होती. सिंदेवाहीकडून दोन ऑटो भरून आले होते. नागभीडची एक बाई तर मिळेल त्या गाडीला हात दाखवत पोचली होती. प्रत्येक घरच्या बाईच्या हातात तांब्या, तांब्यात आपल्या विहिरीचं पाणी, वर पळसाचं पान. पाणी ज्याचं त्याच्या घरचंच पाहिजे, असा ज्योतिस्वरूप महाराजांचा हुकूम होता.

"माणूस खोटं बोलतो, पाणी बोलत नाही!" महाराज माइकवर सांगत होते. "मी बघत नाही, आई बघते. मी बोलत नाही, आई बोलते. मी फक्त माइक धरतो!"

महाराजांचं सगळं नेटकं होतं. लाल कापड टाकलेला उंच चौरंग. त्यावर काळं मडकं. मडक्यात समोरासमोर उभे दोन तांब्याचे पत्रे. एक शिव, एक शक्ती. शेजारी पितळी कमळ आणि कमळाच्या मधोमध मोटारसायकलला असतो तसला लहानसा बल्ब. तो बल्ब आहे हे महाराज लपवत नव्हते.

"अरे, बल्ब म्हणजे काय? काचेचं शरीर! तुझं हाडामांसाचं, याचं काचेचं. आत प्राण कोण घालतो? दाखवा मला तार! तार नाही, तेल नाही, वात नाही, माचिस नाही! तुमची लाईन दिवसाचे आठ तास जाते. माझ्या आईची लाईन एकदा तरी गेली का?"

"नाई जी!" गाव ओरडलं. आठ तासांचं दुःख सगळ्यांचंच खरं होतं.

तांब्या मडक्यात रिकामा व्हायचा. महाराज मांडीजवळच्या झोळीतून पिवळ्या भंडाऱ्याची मूठ काढून पाण्यात सोडायचे, लाकडी पळीनं ढवळायचे, डोळे मिटायचे. मग कमळातला बल्ब आधी तांबूस, मग पिवळा, मग लख्ख व्हायचा. "शुद्ध घर!" टाळ्या पडायच्या. चंदा नावाची शिष्या मडकं जागेवरच उपसून, धुऊन पुसायची आणि कागदावरचं पुढचं नाव वाचायची.

देवाजीचं घर शुद्ध निघालं. महाराजांना आणलं होतं त्यानंच. आठ दिवसांत त्याची बैलजोडी गेली होती, घसा सुजून, लाळ गाळत. गावातली आणखी तीन जनावरं तशीच गेली. एवढं मरण कोणी केल्याशिवाय येत नाही, असं देवाजीच्या डोक्यानं घेतलं होतं.

भागीरथा चिंचेच्या बुडाशी उभी होती. बासष्ट वर्षांची बाई, सकाळपासून उपाशी. तिचं घर कधीच शुद्ध ठरलं होतं, पण तिचा पाय हलत नव्हता. ती एका नावाची वाट पाहत होती.

"सोमारीबाई!" चंदानं वाचलं.

सोमारी पुढे आली. साठी ओलांडलेली, पण केस अजून काळे. चालणं अजून मंचावरचं, पाऊल मोजून टाकलेलं. एकटी बाई, फाटक्या लुगड्यातही ती अशी चालते कशी, हे कोडं भागीरथाला तीस वर्षं सुटलं नव्हतं.

तांब्या रिकामा झाला. भंडारा पडला. पळी फिरली. बल्ब लागला नाही.

महाराजांनी पुन्हा ढवळलं. बल्ब काळाच. माइकमधून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"दिसतंय मला," ते हळूच म्हणाले. "बोडीची पाळ दिसते, खाली तळ्याचं काळं पाणी. अमावास्या आहे. एक बाई केस सोडून पाळीवर उभी आहे. पायाशी काळी कोंबडी. आणि तोंड... देवाजीच्या गोठ्याकडे!"

"माय वो!" कोणीतरी किंचाळलं. सोमारीभोवतीची माणसं एकदम मागे सरली. ती गोल रिकाम्या जागेत एकटी उरली, हातात रिकामा तांब्या.

भागीरथाला आधी थंडगार वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. मग महाराजांचे शब्द तिनं पुन्हा मनात फिरवले.

कोंबडी. काळी कोंबडी तर तिनंच गोष्टीत घातली होती.

चार दिवसांपूर्वी चंदा हळदीकुंकवाची टोपली घेऊन तिच्या ओट्यावर टेकली होती. "गावात कोनावर संशय आहे का वो मावशी?" असं गोड आवाजात विचारलं होतं. भागीरथानं नाव सांगितलं. चंदाचे डोळे चमकले, तशी भागीरथानं पाळ सांगितली, सोडलेले केस सांगितले, आणि गोष्टीला चव यावी म्हणून कोंबडी सांगितली. यातलं तिनं काहीच पाहिलं नव्हतं. सोमारीकडे कोंबडी नव्हतीच कधी.

"येत्या सोमवारी दुसरा कौल!" महाराज गरजले. "तेव्हाही ज्योत लागली नाही तर ही बाई शिवेच्या बाहेर! ठेवून घ्याल तर पुढच्या मरणाला मी जबाबदार नाही!"

मागच्या मरणालाही ते जबाबदार नव्हते, पण हे कोणाला सुचलं नाही.

भागीरथाचा नवरा लटारू तीन वर्षांपूर्वी वारला. त्याआधी पंचवीस वर्षं तो झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीत लाईटवाला होता. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागायची, पहाटेपर्यंत चालायची. उजेड कमीजास्त करायची यंत्रं त्या कंपनीला परवडत नव्हती. लटारूकडे मडकी होती, मिठाच्या पाण्यानं भरलेली. एक पत्रा तळाशी, दुसरा दोरीला टांगलेला. दोरी सैल केली की पत्रा खाली जायचा आणि मंचावरचे दिवे सावकाश उजळायचे. ओढली की मंदावायचे. नाटकाआधी पाण्यात मीठ ढवळायचं काम भागीरथाचं. "लाईन जोडली आता. हात नको घालजो, मरशील!" लटारू दर वेळी ओरडायचा.

सोमारी त्या कंपनीतली गाणारी नटी. तिसऱ्या अंकात यायची. आणि ती आली की उजेड वाढायचा.

भागीरथानं हे एकदा नाही, पंचवीस वर्षं पाहिलं. पहिल्या अंकात राजा यायचा, प्रधान यायचा. दिवे आपले पिवळट, आजारी. सोमारीचं पाऊल पडायच्या वेळी मंच असा उजळलेला असायचा की तिच्या नाकातली चमकी शेवटच्या रांगेतून दिसावी. लटारू मडक्यापाशी बसलेला असायचा, तोंड मंचाकडे. दोरी हलताना भागीरथाला कधी दिसली नाही. म्हणजे चोरून सोडत असणार. बायकोच्या नजरेसमोर सोडायची त्याची हिंमत नव्हती, एवढाच तिनं अर्थ काढला. भांडण कधी झालं नाही. विचारलं कधी नाही. फक्त मीठ ढवळताना हात जड व्हायचा. आपण मीठ घालायचं आणि उजेड तिच्यावर पडायचा!

मंगळवारी दुपारी तिनं लटारूची लोखंडी पेटी उघडली. महाराजांचा बल्ब ज्या चालीनं उजळत होता ती चाल तिच्या ओळखीची होती. बटण दाबलेला दिवा एकदम लागतो. हा तांबूस, पिवळा, लख्ख, असा पायऱ्या चढत येत होता. तिनं पेटीतले दोन पत्रे काढले, मोटारसायकलचा एक बल्ब काढला, घरच्या सौर दिव्याची बॅटरी जोडली. साध्या पाण्यात बल्ब काळा. मूठभर मीठ टाकून ढवळलं. तांबूस. पिवळा. लख्ख.

ती बराच वेळ त्या बल्बाकडे पाहत बसली. मग तार काढली, पाणी ओतून दिलं, पेटी लावली आणि वर घोंगडी टाकली.

कोणाला सांगितलं नाही. काऊन सांगायचं? गेली तर जाऊ दे ना. एवढी वर्षं उजेडात राहिली, आता राहू दे थोडी अंधारात. बुधवारी भागीरथा पोटभर जेवली. गुरुवारी हातपंपावर तिनं पाहिलं, रुखमाबाईनं सोमारीची घागर पायानं बाजूला सारली.

"आमच्या पंपाले हात नको लावू, सांगून ठेवतो."

"मंग पानी कुठून भरू वो?"

"बोडी आहे ना. तुह्या ओळखीचीच आहे ते!"

बाया हसल्या. सोमारीनं भागीरथाकडे पाहिलं. "भागीरथा, तू तं मले ओळखतेस."

"हो तं," भागीरथा म्हणाली. "चांगली ओळखते."

आणि आपली घागर कमरेवर घेऊन निघून आली. वाटेत तिला स्वतःचं हे उत्तर दोनदा आठवलं आणि दोन्ही वेळा आवडलं.

शुक्रवारी सकाळी ती धानावर निघाली असता बोडीकडून आरडाओरडा ऐकू आला. रुखमाबाई पाळीकडे बोट दाखवून गाव गोळा करत होती. "पाहा वो, पाहा! महाराज बोलले तसंच! केस सोडून उभी आहे!"

सोमारी खरंच पाळीवर उभी होती. केस सोडलेले, कमरेपर्यंत ओले. पंप बंद झालेली बाई न्हायला दुसरीकडे जाणार कुठं? ती केस पिळत होती आणि खालून चार पोरं तिला ढेकळं मारत होती. एक ढेकूळ पाठीवर फुटलं. तिनं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

भागीरथा जागच्या जागी थिजली. ओट्यावर बसून तिनं जे खोटं रचलं होतं ते आता दिवसाउजेडी पाळीवर उभं होतं, ओल्या केसांनी. फक्त कोंबडी तेवढी कमी होती. आणि सोमवारपर्यंत तीही कोणीतरी पाहिली असती.

ती धानावर गेली नाही. पोरांना हाकलून ती घरी आली आणि मडकं, पत्रे, बॅटरी घेऊन हायस्कुलात गेली. निशात मॅडम तिथं विज्ञान शिकवत. सिंदेवाहीच्या, वडील हाफिजभाई तिथं पंपाच्या मोटारी दुरुस्त करतात. पाच वर्षांपूर्वी मॅडमनी म्हाताऱ्यांचा साक्षरता वर्ग घेतला होता, तेव्हा सत्तावन्नाव्या वर्षी भागीरथानं पहिल्यांदा आपलं नाव लिहिलं. त्यानंतर भागाकारापर्यंत ती एकटीच टिकली.

मधल्या सुटीत प्रयोगशाळेच्या टेबलावर तिनं मडकं मांडलं. लटारूचा मीटरही आणला होता. मॅडमनी तो बल्बाच्या वाटेत जोडला आणि कागद पुढे सरकवला.

"बॅटरी किती व्होल्टची?"

"बारा."

"पाणी साधं आहे. मीटर काय म्हणतो?"

"शून्य पॉइंट एक."

"म्हणजे एवढे अँपिअर वीज वाहते. आता वाटेत अडथळा किती, ते काढायचं. त्याला रोध म्हणतात, तो ओहममध्ये मोजतात. व्होल्टला अँपिअरनं भागा."

भागीरथानं पेन्सिल जिभेला लावली. "एकशेवीस."

"एकशेवीस ओहम. आता बाराला शून्य पॉइंट एकनं गुणा. ती शक्ती, वॅटमध्ये."

"एक पॉइंट दोन वॅट. बल्बावर तं दहा लिहिलं आहे!"

"म्हणून तो लागत नाही. टाका मीठ."

मीठ विरघळलं तसा काटा चढला आणि शून्य पॉइंट सहावर थांबला. भागीरथानं न विचारता मांडलं. बारा भागिले शून्य पॉइंट सहा, वीस ओहम. बारा गुणिले शून्य पॉइंट सहा, सात पॉइंट दोन वॅट. बॅटरी तीच, बल्ब तोच, मडकं तेच. एकशेवीसचे वीस झाले ते एका मुठीनं.

"म्हणजे भंडाऱ्यात मीठ आहे," मॅडम म्हणाल्या. "पण मग सोमारीबाईंच्या वेळी?"

"झोऱ्या दोन आहेत त्याच्या. एक उजवी, एक डावी. सोमारीच्या वेळी डावीतलं काढलं. मी पाह्यलं."

"सोमवारी पाहिलंत? आणि मडकं कधी मांडून पाहिलंत?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे, भागीरथाबाई."

भागीरथानं मान खाली घातली. मग चंदाचं सांगितलं, पाळीचं, कोंबडीचं. नाटकाचं आणि उजेडाचंही सांगितलं. हे बोलणं तिच्या तोंडातून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं. "मले तिचं चांगलं पाहवत नाई, मॅडम. आजही पाहवत नाई. मी खोटं काऊन बोलू?"

मॅडमनी कागदाची घडी करून तिच्या हातात दिली. "पाहवायची सक्ती नाही. हा भागाकार मात्र खरा आहे. तो सोमवारी कोण वाचणार, मी की तुम्ही?"

सोमवारी गर्दी दुप्पट होती. गावाबाहेर काढली जाणारी बाई पाहायला माणसं लांबून येतात. महाराजांनी नवा फेटा बांधला होता. चंदानं सोमारीचं नाव पुकारायच्या आधीच भागीरथा तांब्या घेऊन पुढे गेली.

"माझं पानी पुन्हा पाहा जी महाराज."

महाराज प्रसन्न हसले. ही तर आपल्याला माहिती पुरवणारी म्हातारी. "ये माई! शुद्ध घराला कितीदा पाहायचं?" उजवी झोळी उघडली, मूठ पडली, पळी फिरली. बल्ब लख्ख झाला. "पाहा! सत्याचं तेज पाहा!"

"सत्याचं?" भागीरथा गावाकडे वळली. "ऐका. सोमारी केस सोडून उभी राहते, पायाशी कोंबडी असते, हे या चंदाले मी सांगतलं होतं. माझ्या ओट्यावर बसून सांगतलं. ते खोटं होतं. सगळं मनाचं होतं माझ्या. मग आई माझ्या खोट्यावर एवढी लख्ख काऊन झाली?"

बायांनी चंदाकडे माना वळवल्या.

"काऊन असं बोलली होतीस वो?" रुखमाबाईनं विचारलं.

"कारण मले तिचा मत्सर होता. तुह्याच्यापेक्षा जास्त."

"अंगात आलंय!" महाराज माइकमध्ये ओरडले. "चेटकिणीनं हिच्या तोंडून बोलायला सुरुवात केली! हिला धरा!"

"धरा नंतर," भागीरथा म्हणाली. "देवाजीभाऊ, भंडारा प्रसाद आहे ना? मंग खा. उजव्या झोरीतला, गावाच्या पान्यात टाकला तो, चिमूटभर खा. डावीतला, सोमारीच्या पान्यात टाकला तो, चिमूटभर खा."

महाराजांनी दोन्ही झोळ्या मांडीखाली घेतल्या. तीच त्यांची चूक झाली. देवाजीचा बाबांवर पुरा भरवसा होता; प्रसाद नाकारणारा बाबा त्यानं पाहिला नव्हता. "द्या ना जी," तो भक्तिभावानं म्हणाला आणि हात पुढे केला. चारशे डोळे त्या हातावर. महाराजांना उजवी झोळी सोडावी लागली, मग डावी.

देवाजीनं उजव्या झोळीतला चिमूटभर भंडारा जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. डावीतला ठेवला, चघळला.

"हे खारट आहे बे," तो सावकाश म्हणाला. "आणि हे नुसती हळद नं पीठ."

"आईची लीला! रुचीभेद!"

"सगळ्या गावाले खारट, अन् सोमारीले अळणी? अशी कशी लीला?" मागून एक पोरगा ओरडला आणि पहिल्यांदा गाव महाराजांवर हसलं.

तेवढ्यात निशात मॅडमनी चौरंगावरचं लाल कापड वर केलं. खाली बारा व्होल्टची बॅटरी होती. चौरंगाचे पाय आतून पोकळ; एका पायातून तार मडक्याच्या बुडाला गेलेली, दुसऱ्यातून कमळाकडे, आणि मडकं नि कमळ जोडणारी तिसरी कापडाखालून. "ही आईची लाईन," मॅडम म्हणाल्या. "आणि पत्र्याजवळ हा हिरवट फेस दिसतो ना? तांबं विरघळतंय. हे तीर्थ म्हणून कोणी पिऊ नका, ओकाऱ्या होतील."

मीटर जोडला गेला. मडकं धुऊन सोमारीच्याच तांब्यातलं पाणी त्यात ओतलं, डाव्या झोळीचा भंडारा टाकला. मॅडमनी आकडा मोठ्यानं वाचला. शून्य पॉइंट एक. भागीरथानं खडूनं मारुतीच्या ओट्यावर मांडलं: बारा भागिले शून्य पॉइंट एक, एकशेवीस ओहम. मग त्याच पाण्यात उजव्या झोळीची मूठ पडली. बल्ब तांबूस झाला, पिवळा झाला, आणि ज्या बाईला गावाबाहेर काढायचं होतं तिच्या पाण्यावर लख्ख पेटला. शून्य पॉइंट सहा. वीस ओहम.

"बाई तीच, पानी तेच," भागीरथा खडू हातात धरून म्हणाली. "बल्ब फक्त एवढंच सांगते, पान्यात मीठ किती. कोन चांगलं, कोन वाईट, हे त्याले ठाऊक नाई. त्याले मीच सांगतलं होतं, खोटं."

मग ती महाराजांकडे वळली. "कोनत्या नाटक कंपनीत लाईटवर होता गा तू?"

महाराजांनी कंपनीचं नाव सांगितलं नाही. ते फेटा सावरत ऑटोकडे निघाले होते. देवाजीनं त्यांना वाटेतच धरलं. जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि मॅडमनी पोलिसांना सकाळीच फोन केला आहे, हे त्यांना तिथं कळलं. जनावरांच्या डॉक्टरनं त्याच आठवड्यात येऊन सांगितलं, बैल घटसर्पानं गेले. लस टोचायला आलेली गाडी देवाजीनं परतवली होती, लस टोचली की बैल नांगराला ढिले पडतात म्हणून. देवाजी ते ऐकून खूप वेळ रिकाम्या गोठ्यात बसला होता.

आता राहिली एक गोष्ट.

बुधवारी निशात मॅडम मीटर परत द्यायला भागीरथाच्या घरी आल्या. चुलीपाशी बसल्या बसल्या त्यांनी नाटकातल्या मडक्यांचं विचारलं. किती मोठी, मीठ किती, पाणी कधी बदलायचं.

"बदलायचं कुठं? नाटक सुटल्यावरच ओतून देऊ. अन् तेही लाईन काढून, घडीभर थांबून. हात पोळे ना. चहासारखं कढत राहे पानी."

मॅडमचा कप तोंडाशीच थांबला. "कढत? मग सुरुवातीला?"

"सुरुवातीले थंडच. विहिरीचं."

"भागीरथाबाई, तुमचं मडकं काढा."

बेताचं मीठ घातलेलं गार पाणी. शून्य पॉइंट तीन. भागीरथानं चुलीच्या राखेतच बोटानं मांडलं: चाळीस ओहम. बल्ब नुसता तांबडा. मग तेच पाणी पितळी गंजात चुलीवर तापवून पुन्हा मडक्यात ओतलं. मिठाचा एक कण जास्त नाही, पत्रे जागचे हलवले नाहीत. शून्य पॉइंट चार. तीस ओहम. बल्ब उजळला.

"मिठाचं पाणी तापलं की त्याचा रोध कमी होतो," मॅडम म्हणाल्या. "वीज जास्त वाहते. आणि तुमच्या मडक्यांतून तर तासन्‌तास वीज वाहत होती, त्यानंच पाणी तापत होतं. पहिल्या अंकात गार. तिसऱ्या अंकात..."

"कढत," भागीरथा म्हणाली.

दोरी हललीच नव्हती. तिला ती हलताना दिसली नव्हती, कारण ती हलत नव्हती. राजा पहिल्या अंकात यायचा म्हणून अंधारात यायचा. तिसऱ्या अंकात म्हैस आणून उभी केली असती तरी तिच्यावर तेवढाच उजेड पडला असता. लटारूला एकदा विचारलं असतं तर त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं. तिनं पंचवीस वर्षं मीठ ढवळलं, त्याबरोबर घोट घोट विष प्यायली, आणि विचारलं कधी नाही.

मॅडम गेल्यावर ती थेट सोमारीकडे गेली. माफी पंपावर, सगळ्यांदेखत, सोमवारीच मागून झाली होती आणि सोमारीनं ती अर्धीच दिली होती. आज तिनं उजेडाचं सांगितलं. थंड पाणी, कढत पाणी, चाळीस, तीस.

सोमारी ऐकत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"म्हंजे... मी आली म्हणून नाई?"

"नाई."

"मले वाटे वो, मी पाय ठेवला की मंच उजळते. सगळ्या जन्मात ते एक खरं वाटत होतं मले."

भागीरथाला हसू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. समोर बसलेली बाई पहिल्यांदाच साठ वर्षांची दिसत होती, आणि इतकी वर्षं हेच पाहायची हौस असूनही आता ते बरं वाटेना.

"उजेड मिठाचा होता," ती म्हणाली. "पन टाळ्या तुह्याच होत्या. त्या मी मोजल्या आहेत, रागानं."

सोमारीनं तिच्याकडे पाहिलं आणि उठून चहाचं आधण ठेवलं.

मारुतीच्या ओट्यावरचा तो भागाकार गावानं अजून पुसू दिलेला नाही. कोणाचं जनावर दगावलं, पोर तापलं, की कोणाच्या तरी जिभेवर एक नाव येतंच. तेव्हा आधी ओट्यापाशी जावं. दिवा लागला तर का लागला, विझला तर का विझला, हे विचारावं. मीठ किती होतं, पाणी किती तापलं होतं, व्होल्ट किती, अँपिअर किती, हे मोजावं. मोजता येत नसेल तर ज्याला येतं त्याला बोलवावं. शिकायला सत्तावन्न वर्षं हे काही फार वय नाही. आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला तोंडावर एकदा विचारून घ्यावं. भागाकार पुरा होईपर्यंत कोणाचं नाव घेऊ नये. तो पुरा झाला की, भागीरथा सांगते, नाव घ्यायची पाळी बहुतेक येतच नाही.